मुखडा जमला, अंतऱ्याचे काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोसायट्यांचा गणेशोत्सव, कोजागिरी आणि त्यानंतर येणारी शाळांची स्नेहसंमेलने या सर्वांमध्ये कराओकेचा कार्यक्रम आता ठरूनच गेला आहे. त्यामुळे बारा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी कोणते गाणे म्हणावे, असे विचारणारी पत्रे या सदराकडे सतत येत असतात. त्यांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात कराओकेवर म्हणण्यासाठी तिने ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गाणे निवडले आहे. मुखडा ती फार गोड म्हणते, परंतु अंतरा आला की मान ताणते, हनुवटी वर करते आणि शेवटी आवाज चिरका होतो. गाणे तर सोपे आहे, असे सगळेच म्हणतात. मग चुकते कोठे? (एक आई, कोथरूड)

उत्तर : गाणे सोपे आहे, असे म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा फक्त मुखडा असतो, कारण आपल्याला गाणी मुखड्याने आठवतात आणि मुखड्यानेच आवडतात. आपल्याकडील बहुतेक भावगीतांत आणि चित्रपटगीतांत मुखडा, म्हणजे ध्रुवपद, मध्य सप्तकात रेंगाळतो आणि अंतरा, म्हणजे त्यानंतरचे कडवे, तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे झेपावतो. म्हणून मुलांसाठी गाणे निवडताना आधी अंतरा ऐकावा, त्यातला सर्वांत वरचा स्वर कोणता ते शोधावे आणि तेवढ्या एका जागेवर मुलाचा आवाज कसा लागतो, हे पाहून मगच पुढचा विचार करावा. गाणे कितीही परिचयाचे असले, त्याचा ठेका कितीही सरळ असला, तरी ती एक जागा जर रोज नशिबावर सोडावी लागत असेल, तर ते गाणे त्या मुलासाठी त्या वर्षी अवघडच समजावे.

आपल्या मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ‘साधी माणसं’ या १९६५ सालच्या चित्रपटातील हे गीत जगदीश खेबुडकरांचे असून ‘आनंदघन’ या नावाने त्याला संगीत देणाऱ्या लता मंगेशकर यांनीच ते गायिले आहे. बाजारात किंवा यूट्यूबवर मिळणारा ट्रॅक, म्हणजे गायकाच्या आवाजाशिवायची वाद्यसाथ, बहुतेक वेळा मूळ ध्वनिमुद्रणाच्याच पट्टीत, म्हणजे स्वरांच्या त्याच उंचीवर असतो आणि लताबाईंची पट्टी ही सर्वसामान्य तेरा वर्षांच्या मुलीची पट्टी नव्हे. तेव्हा गाणे बदलण्याआधी पट्टी बदलून पाहावी. कराओकेच्या बहुतेक ॲपमध्ये आणि मिक्सरसोबत येणाऱ्या यंत्रांत अधिक-उणे अशी खूण असलेली सोय असते. त्यातील प्रत्येक टप्पा अर्ध्या स्वराचा असतो आणि असे बारा टप्पे मिळून एक सप्तक होते. ट्रॅक आधी दोन टप्पे खाली घ्यावा, अंतरा म्हणवून पाहावा आणि गरज वाटल्यास आणखी एक टप्पा उतरवावा. दोनतीन टप्प्यांपर्यंत वाद्यांचा आवाज फारसा बिघडत नाही. पाचसहा टप्पे उतरवले, तर तबला-ढोलकी बोदी वाटू लागते आणि बासरी ओळखू येत नाही. अशा वेळी ओढाताण न करता दुसऱ्या पट्टीत स्वतंत्रपणे तयार केलेला ट्रॅक शोधणे किंवा दुसरे गाणे घेणे चांगले.

पट्टी उतरवली की दुसरे टोकही तपासावे लागते, हे बरेच जण विसरतात. मुखड्यातला सर्वांत खालचा स्वर आता ऐकू येतो का? मुले खालच्या स्वरांवर ओरडत नाहीत, ती नुसती पुटपुटतात, त्यामुळे ही चूक घरी लक्षात येत नाही आणि सभागृहात मात्र अर्ध्या ओळी हवेत विरून जातात. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ते मुलीला स्वतःला ऐकवावे. आपण सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा हे एकदाचे ऐकणे तिला अधिक पटेल.

मुलीच्या आवाजाचा आवाका घरच्या घरी पाहण्यासाठी वाढदिवसाचे ‘हॅपी बर्थडे’ हे गाणे फार उपयोगी पडते. त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर यांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे आणि तिसऱ्या ओळीत ते सगळे अंतर एका उडीत पार करावे लागते. हे गाणे तिला निरनिराळ्या उंचीवरून सुरू करायला सांगावे. ज्या उंचीवर तिसऱ्या ओळीची उडी मान न ताणता साधते, तेथपर्यंत तिचा आवाज आजमितीस मोकळा आहे असे समजावे आणि त्या मर्यादेत बसणारी गाणी निवडावीत. शाळेच्या परिपाठात कोणी उत्साहाने राष्ट्रगीत उंच पट्टीत सुरू केले, तर शेवटच्या ओळीतल्या पहिल्या ‘जय हे’पाशी निम्मा वर्ग गप्प होतो, हा अनुभव प्रत्येकाला असतोच. तेथे गाणे अवघड नसते, सुरुवातच वरून झालेली असते.

प्रश्न : माझा मुलगा सातवीपर्यंत आंतरशालेय स्पर्धांत बक्षिसे मिळवीत असे. आता तो चौदा वर्षांचा असून त्याचा आवाज अचानक घोगरा होतो, मध्येच फाटतो. त्याला गणपतीत ‘मोरया मोरया’ म्हणायचे आहे. त्याने गाणे थांबवावे का? (एक वडील, सिंहगड रस्ता)

उत्तर : गाणे थांबवण्याचे कारण नाही, परंतु जे गाणे त्याने निवडले आहे ते यंदा टाळावे, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. ‘उलाढाल’ या २००८ सालच्या चित्रपटातील अजय-अतुल यांचे हे गाणे प्रार्थनेसारखे सुरू होते आणि नंतर त्यातली हाक इतकी चढत जाते की, ती गळ्याच्या पूर्ण ताकदीनेच द्यावी लागते. अजय गोगावले यांच्या आवाजाची धारच तेथे अपेक्षित आहे. भोवती ढोल-ताशांचा गजर असताना चौदा वर्षांच्या मुलाने ती हाक द्यायची म्हणजे त्याने ओरडायचे. आवाज फुटण्याच्या वयात ओरडण्याइतके घातक दुसरे काही नाही.

या वयात नेमके काय होते, हे आपण दोघांनीही समजून घेतले तर मुलाची निराशा कमी होईल. पौगंडावस्थेत मुलांचे स्वरयंत्र वेगाने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारणपणे एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण त्यांच्यात तो फार तर दोनतीन अर्ध्या स्वरांनी उतरत असल्यामुळे तो बदल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलांमध्ये मात्र वाढलेल्या स्वरयंत्रावर स्नायूंचा ताबा येईपर्यंत काही महिने, कधी वर्ष-दीड वर्षही जाते आणि त्या काळात आवाजाचा आवाका चक्क आक्रसतो. पूर्वीचे वरचे स्वर गेलेले असतात, नवे खालचे स्वर अद्याप भरलेले नसतात आणि मधल्या सातआठ स्वरांवरच भागवावे लागते. या मुलाला सातवीत जी गाणी सहज येत होती, तीच आज येत नाहीत, यात त्याच्या रियाजाचा किंवा गुणवत्तेचा काहीही दोष नाही. ही गोष्ट त्याला घरातील कोणीतरी शब्दांत सांगायला हवी, कारण ‘तुझा आवाज गेला रे’ असे हसतहसत म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात एखाददुसरे असतातच.

निवड करताना त्याने मधल्या स्वरांत राहणारी, हरकती कमी असलेली गाणी पाहावीत. मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा आवाज असलेले ‘या जन्मावर, या जगण्यावर’ हे भावगीत अशा आवाजाला चांगले मानवते. त्यात जोर लावण्याची जागा नाही, बोलल्यासारखे गाता येते आणि शब्दांचा अर्थ चौदा वर्षांच्या मुलाला म्हणताना अवघडल्यासारखे होत नाही. हिंदीत मुकेश यांची गाणी याच कारणासाठी उपयोगी आहेत. ‘अनाडी’ (१९५९) मधील ‘किसी की मुस्कुराहटों पे हो निसार’ किंवा ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मधील ‘जीना यहाँ, मरना यहाँ’ यांपैकी एखादे त्याने म्हणून पाहावे. किशोरकुमार यांची गाणी मुलांना अधिक आवडतात आणि तीही घ्यावीत, मात्र ‘अंदाज’ (१९७१) मधील ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ सारख्या गाण्यातले यॉडलिंग, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली पलटवणे, या वयात साधणार नाही. ते वगळून गाणे उरत नाही, म्हणून असे गाणे दोन वर्षांनी घ्यावे.

एक व्यवहारी सूचना. निवडलेल्या गाण्याचा ट्रॅक तीन पट्ट्यांत तयार ठेवावा: सध्याच्या सोयीची पट्टी, तिच्या दोन टप्पे खालची आणि दोन टप्पे वरची. या वयात आवाज महिन्याभरातही सरकतो. ऑगस्टमध्ये ठरवलेली पट्टी गणपतीत जमेलच असे नाही, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिन्ही ट्रॅकवर अंतरा म्हणवून घेऊन अंतिम निवड करावी. सराव एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक नको. गाताना घसा दुखला, तर तेथेच थांबावे. घोगरेपणा सलग दोनतीन आठवडे टिकला किंवा बोलतानाही दुखू लागले, तर ते वयाचे लक्षण समजून बसू नये आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी ते नववीच्या वर्गांना शिकवते. स्नेहसंमेलनासाठी पंधरा-वीस मुले कराओकेवर गाऊ इच्छितात. त्यांतील बहुतेकांनी गाणे कधी शिकलेले नाही. त्यांना देता येतील अशी सोपी गाणी सुचवावीत. मुले मात्र ‘झिंगाट’शिवाय काही सांगत नाहीत. (एक शिक्षिका, हडपसर)

उत्तर : नावे सुचवण्यापूर्वी सोपेपणाविषयीचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण शाळांमध्ये त्यामुळे हमखास चुकीची निवड होते. संथ गाणे सोपे आणि जलद गाणे अवघड, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात संथ गाण्यात एकेक स्वर लांबवावा लागतो, श्वास पुरवावा लागतो, आणि स्वर किंचित उतरला तरी तो सर्वांना ऐकू येतो. न शिकलेल्या मुलाला ते झेपत नाही. फार जलद गाण्यात शब्द चावले जातात. म्हणून मध्यम लयीचे गाणे, ज्यात ओळी छोट्या आहेत, ओळींमध्ये श्वास घ्यायला उसंत आहे आणि मुखडा-अंतऱ्याची चाल एकमेकींच्या जवळची आहे, असे गाणे नवशिक्यांना द्यावे.

या कसोट्यांना उतरणारे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘शोर’ (१९७२) मधील ‘एक प्यार का नगमा है’. संतोष आनंद यांच्या शब्दांना लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी दिलेली ही चाल पायरीपायरीने चढते आणि उतरते, तिच्यात मोठ्या उड्या नाहीत, आणि लता-मुकेश यांचे ते द्वंद्वगीत असल्यामुळे एक मुलगा व एक मुलगी ओळी वाटून घेऊ शकतात. गाणे लांब आहे, तेव्हा मुखडा आणि एकच अंतरा घ्यावा. प्रार्थनेच्या वळणाची दोन गाणी, ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) मधील ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘अंकुश’ (१९८६) मधील ‘इतनी शक्ति हमें देना दाता’, बहुतेक मुलांना परिपाठामुळे पाठ असतात आणि पाठ असणे ही कराओकेमध्ये अर्धी लढाई आहे. मात्र पहिल्या गाण्याचा अंतरा वर चढतो, म्हणून ते एकट्याला न देता तिघाचौघांना मिळून द्यावे.

मराठीत ‘ही चाल तुरुतुरु’ हे शांता शेळके यांचे, देवदत्त साबळे यांनी चाल दिलेले आणि जयवंत कुलकर्णी यांनी गायिलेले गीत खोडकर स्वभावाच्या मुलाला शोभून दिसते. त्यात आवाजापेक्षा ठसका महत्त्वाचा असल्यामुळे ज्याचा सूर कच्चा आहे पण ताल पक्का आहे, अशा मुलालाही ते तारून नेते. थोड्या मोठ्या, नववीतल्या मुलांना ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) मधील हृषीकेश रानडे यांचे ‘कधी तू’ आवडते. प्रेमगीत असले तरी त्याचे शब्द सोज्ज्वळ आहेत. आणि सहाआठ जणांच्या गटाला ‘मी डोलकर’ द्यावे. हृदयनाथ मंगेशकर यांच्या या कोळीगीतात हेमंतकुमार यांचा भाग खालच्या पट्टीत आणि लता मंगेशकर यांचा वरच्या पट्टीत असल्यामुळे मुलगे आणि मुली यांची वाटणी आपोआप होते आणि ज्यांना एकट्याने गाण्याची धास्ती वाटते, त्यांनाही मंचावर उभे राहता येते.

बालगीते मात्र या वयोगटाला देऊ नयेत, असे आमचे मत आहे. ‘नाच रे मोरा’ची गोडी आजही कमी झालेली नाही, गदिमांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांची चाल यांचे मोल कोणी सांगायला नको. पण आठवीतल्या मुलाला ते मंचावर म्हणायला लावले, तर मागच्या बाकांवरून जे हास्य येईल त्याचा विचार आपणच करावा. गाणे गळ्याला सोपे असून चालत नाही, ते समवयस्कांसमोर म्हणायलाही सोपे असावे लागते.

‘झिंगाट’विषयी. ‘सैराट’ (२०१६) मधील हे गाणे सुरांच्या दृष्टीने फार अवघड नाही. त्याची अडचण वेगात आणि दमछाकीत आहे. एकट्याने म्हटल्यास दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत धाप लागते आणि नाचत म्हटल्यास त्याही आधी. शब्दांबाबत आपल्या शाळेचे धोरण असेल ते पाळावे. परवानगी असेल, तर ते गाणे कार्यक्रमाच्या शेवटी सर्वांनी मिळून म्हणावे, म्हणजे कोणाच्याही आवाजाची परीक्षा होणार नाही आणि मुलांचेही समाधान होईल.

आणखी दोन गोष्टी आपल्याला वर्गातच करून घेता येतील. पहिली म्हणजे शब्द कागदावर देवनागरीत लिहून काढणे. हिंदी गाण्यांच्या पुष्कळ ट्रॅकमध्ये पडद्यावरचे शब्द रोमन लिपीत येतात आणि मराठी माध्यमाची मुले ते वाचता वाचता अडखळतात. दुसरी म्हणजे गाण्याची एंट्री मोजून घेणे. मूळ गायक जेथे आलापाने किंवा तालाशिवाय सुरुवात करतो, अशा गाण्यांत मुलाला कोठे उठायचे ते कळत नाही. ज्याच्या सुरुवातीला ठेका स्पष्ट वाजतो असाच ट्रॅक घ्यावा आणि ‘किती मात्रांनंतर आपण उठतो’ हे हाताने टाळी देऊन पक्के करावे. मधला म्युझिक पीस फार लांब असेल, तर तो कापून घ्यावा. ते अर्धे मिनिट काहीही न करता उभे राहणे हे गाण्यापेक्षाही कठीण जाते.

प्रश्न : नातू तेरा वर्षांचा आहे. तो कराओकेवर हिंदी गाणी म्हणतो. त्याने एखादे नाट्यपद म्हणावे, अशी माझी इच्छा आहे. ट्रॅकही मिळतो. (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : आजोबा, आपली इच्छा रास्त आहे, साधन मात्र चुकीचे आहे. नाट्यपदात गायकाने ताना घ्याव्यात, पुन्हा पुन्हा मुखड्यावर यावे आणि तबलजीने त्याच्यासाठी थांबावे, अशी रीत आहे. ट्रॅक कोणासाठीच थांबत नाही. नातवाला नाट्यपदाची गोडी लावायची असेल, तर त्याला पेटी-तबल्याच्या साथीवर एखाद्या जाणत्या गुरूंकडे बसवावे, आणि कराओकेच्या कार्यक्रमापुरते त्याने आवडीचे भावगीत म्हणावे. दोन्ही गोष्टी एकाच मुलाला एकाच वर्षी करता येतात.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या मैत्रिणी ‘लेट इट गो’ म्हणतात. माझा आवाज त्यांच्यापेक्षा जाड आहे, त्यामुळे मी म्हटले की सगळ्या हसतात. मुलींच्या गाण्यांची पट्टी मला लागतच नाही. मी काय म्हणू? (एक विद्यार्थिनी, औंध)

उत्तर : तू निवडलेले उदाहरणच मोठ्या गायिकांना घाम फोडणारे आहे. ‘फ्रोझन’ (२०१३) या चित्रपटातील त्या गाण्याचा आवाका जवळजवळ दोन सप्तकांचा आहे. तुझ्या मैत्रिणी ते खरोखर पूर्ण म्हणतात की शेवटच्या भागात नुसत्या ओरडतात, हे एकदा ध्वनिमुद्रित करून ऐक. हे त्यांना सांगायलाच हवे असे नाही.

जाड आवाज ही उणीव नसते. हिंदी चित्रपटगीतांत स्त्रीच्या आवाजाची पट्टी वर्षानुवर्षे उंच ठेवली गेली, त्यामुळे खालचा आवाज असलेल्या मुलींना आपण गाण्यासाठी नाहीच असे उगाच वाटते. ‘वेक अप सिड’ (२००९) मधील ‘इकतारा’ हे अमित त्रिवेदी यांचे गाणे तू ऐक. कविता सेठ यांचा भरदार, खालच्या पट्टीतला आवाजच त्या गाण्याचे वैभव आहे. इंग्रजीच म्हणायचे असेल, तर बेन ई. किंग यांचे ‘स्टँड बाय मी’ (१९६१) घे. त्याची स्वरावळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच तीच फिरते, त्यामुळे एकदा सूर बसला की तो सुटत नाही. ब्रुनो मार्स यांचे ‘काउंट ऑन मी’ही मैत्रीवरचे साधे गाणे आहे. ही दोन्ही गाणी पुरुषांनी गायिलेली आहेत, पण ती मुलींनी म्हणू नयेत असा काही नियम नाही. मूळ पट्टीत फार खाली गेल्यासारखे वाटले, तर ट्रॅक तीनचार टप्पे वर घे. आणि मैत्रिणींबरोबर गायचेच असेल, तर त्यांच्या पट्टीत ओढाताण करण्यापेक्षा खालचा सूर तू धर. गटात तो लागतोच आणि तो धरणारे सहसा कोणी नसते.

प्रश्न : सोसायटीच्या कार्यक्रमासाठी ब्लूटूथ स्पीकर आणि बिनतारी माईक घेतला आहे. मुले चांगली तयारी करून येतात, परंतु प्रत्यक्षात सगळी मागे पडतात. माईक शिट्टीही मारतो. निवड समितीने गाणी बदलावीत का? (सोसायटीचे सचिव, बिबवेवाडी)

उत्तर : गाणी बदलण्याआधी वायर बदलून पाहावी. ब्लूटूथवरून जाणारा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचायला किंचित उशीर होतो. गाणे नुसते ऐकताना तो जाणवत नाही, पण ट्रॅकचा आवाज एका मार्गाने, माईकचा दुसऱ्या मार्गाने आणि पडद्यावरचे शब्द तिसऱ्याच वेळी अशी स्थिती झाली, तर पट्टीचा गायकही ताल सोडेल. मोबाईल किंवा लॅपटॉप साध्या तारेने मिक्सरला जोडावा. तारा आणि जोडण्या पुण्यातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, तपकीर गल्लीत सहज मिळतात आणि त्यासाठी फार खर्च येत नाही.

मुलांच्या दिशेने तोंड केलेला एक छोटा स्पीकर मंचावर ठेवावा, म्हणजे त्यांना ट्रॅक नीट ऐकू येईल. तो माईकच्या पाठीमागच्या बाजूस असावा. शिट्टी येते ती माईकचे तोंड स्पीकरकडे वळल्यामुळे किंवा मुलांनी माईकची जाळी मुठीत धरल्यामुळे. दूरचित्रवाणीवरचे रॅप गायक तसे धरतात, हे खरे. मुलांनी माईक दांड्याला धरावा आणि ओठांपासून दोनतीन बोटे अंतरावर ठेवावा. एको बेताचा ठेवावा. तो वाढवला की चुका झाकल्या जातात असे ध्वनियोजकांना वाटते, परंतु मुलाला स्वतःचाच आवाज उशिरा परत ऐकू येतो आणि तो आणखी मागे पडतो.

निवड समितीने एक काम मात्र जरूर करावे. प्रत्येक मुलाकडून गाण्याचे नाव, ट्रॅकची ध्वनिफीत आणि पट्टीचा टप्पा लेखी मागवावा आणि ते आठवडाभर आधी जमा करून घ्यावे. कार्यक्रमाच्या वेळी यूट्यूबवर शोधलेला ट्रॅक वेगळ्याच पट्टीत निघतो, मध्येच जाहिरात येते, आणि तयारी करून आलेल्या मुलाचा तेथेच विरस होतो. शिवाय क्रम लावताना मुलांना आधी आणि मोठ्यांना नंतर ठेवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. पावणेदहाला घाईघाईने उरकायचे झाले, तर नेहमी मुलांचीच गाणी कापली जातात. मोठ्यांपैकी कोणाचे तरी कापावे.